शब्दांवर हात ठेवून बघा

रोझी नावाची कोंबडी खुराड्यातून बाहेर पडते. अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून जाते, पिठाच्या गिरणीशेजारून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून फिरून जेवणाच्या वेळेला घरी येते. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीच्या ‘रोझीज वॉक’ या १९६८ सालच्या पुस्तकात मजकूर आहे तो एवढाच. अख्ख्या पुस्तकात मिळून एक वाक्य, इंग्रजीत ३२ शब्दांचं.

चित्रांत मात्र रोझीच्या मागे कोल्हा लागलाय. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून त्याचा दांडा थेट नाकावर बसतो. मग तो तळ्यात पडतो, गंजीत गाडला जातो, गिरणीपाशी त्याच्यावर पीठ ओतलं जातं आणि शेवटी मधमाश्या त्याला पार पळवून लावतात. मजकुरात ‘कोल्हा’ हा शब्द एकदाही येत नाही. रोझी मान ताठ ठेवून चालतेय, मागे वळूनही बघत नाही. मोठं माणूस हे पुस्तक दोन मिनिटांत वाचून खाली ठेवतं. सहा वर्षांचं मूल पानावर बोट ठेवून सांगू लागतं, की आता हा त्या दाताळ्यावर पडणार!

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पुस्तक निवडताना काय बघायचं, याचं उत्तर या कोंबडीच्या फेरफटक्यात बरंचसं सापडतं. मजकुराच्या शेजारी चित्र छापलं की सचित्र पुस्तक होतं. चित्रपुस्तक त्याहून वेगळं. चित्रपुस्तकातली अर्धी गोष्ट चित्रात असते आणि ती शब्दांत कुठेही नसते. चित्र काढून टाकलं तर गोष्टच उरत नाही. दुकानात उभ्या उभ्या करून बघण्यासारखी परीक्षा आहे ही. मजकुरावर हात ठेवायचा आणि पानं उलटायची. काहीतरी घडताना दिसतंय का? कोण कुणाकडे बघतंय, पुढच्या पानावर काय होईल, असा प्रश्न पडतोय का? पडत असेल तर पुस्तक हातात ठेवावं. प्रत्येक पानावर मजकुरातलाच ससा आणि मजकुरातलंच झाड पुन्हा काढलेलं असेल, तर चित्रकाराला कामच दिलेलं नाही असं समजावं.

पालक खरेदी करतात ती बहुधा याच्या नेमकी उलट. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतल्या पुस्तक प्रदर्शनात थोडा वेळ उभं राहिलं तरी हे दिसतं. आई किंवा बाबा पुस्तक उघडतात, मजकूर किती आहे ते बघतात, शेवटच्या पानावर तात्पर्य आहे का ते बघतात, मग किंमत. पानावर दोनच ओळी असतील तर ‘यात वाचण्यासारखं काहीच नाही’ म्हणून ते परत ठेवलं जातं आणि एकशे एक बोधकथांचं जाडजूड पुस्तक पिशवीत जातं. पैशाचा हिशोब समजण्यासारखा आहे. पण ज्याच्यासाठी पुस्तक घेतलं, ते मूल अजून अक्षर अक्षर जुळवतंय आणि त्याचे डोळे आधी चित्रावर जातात. कॅनडातल्या मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सँ-ओबँ या संशोधकांनी २००५ साली, पुस्तक वाचून दाखवलं जात असताना लहान मुलांची नजर पानावर कुठे फिरते ते यंत्रानं टिपलं. शाळेत न गेलेल्या त्या मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर होती, अक्षरांकडे ती क्वचितच वळली. अक्षरओळख झाल्यावर हे हळूहळू बदलतं. पहिलीतलं मूल त्या बदलाच्या ऐन मध्यावर असतं.

चित्र किती बारकाईनं गोष्ट सांगू शकतं याचा नमुना म्हणून मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या अमेरिकन पुस्तकाकडे बघावं. ते १९६३ साली आलं. घरात धिंगाणा घातला म्हणून आईनं उपाशी झोपायला पाठवलेला मॅक्स मनानंच अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो. सुरुवातीला चित्र पानाच्या मधोमध, भोवती भरपूर कोरी जागा सोडून बसवलेलं आहे. मॅक्सचा राग आणि कल्पना वाढत जाते तसतसं चित्र पसरतं, पान व्यापतं, शेजारच्या पानावर शिरतं. प्राण्यांचा नाच सुरू झाला की सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. मग चित्र पुन्हा आक्रसत जातं आणि मॅक्स घरी येतो. यातलं काहीही मुलाला समजावून सांगावं लागत नाही. ते त्याला जाणवतं.

मराठीत चित्रपुस्तकांची कपाटं भरलेली नाहीत, पण जे चांगलं आहे ते खरोखर चांगलं आहे. माधुरी पुरंदरे यांचं नाव इथे सगळ्यात आधी घ्यावं लागतं. त्या लेखिका आहेत आणि चित्रकारही, त्यामुळे काय लिहायचं आणि काय नुसतं चित्रात ठेवायचं हे एकाच डोक्यात ठरतं. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचात एक लहान मुलगी आपल्या घरातली माणसं दाखवते. राक्षस नाही, परी नाही, तात्पर्य तर नाहीच. घरातल्या मोठ्यांकडे मूल ज्या नजरेनं बघतं, ती नजर आहे. तसंच यश नावाच्या मुलाच्या गोष्टींचं. नुसती चित्रं बघून मुलांनी बोलावं यासाठी केलेलं ‘चित्रवाचन’ही त्यांचंच. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या कामाची खरी किंमत कळायला पहिलीतल्या मुलाशेजारी बसून यातलं एखादं पुस्तक उघडावं.

ही पुस्तकं जवळची वाटतात याचं एक कारण चित्रातल्या वस्तूंत आहे. बाजारातल्या कितीतरी स्वस्त पुस्तकांत घराला धुराडं असतं, आई एप्रन बांधून केक भाजते, खिडकीबाहेर बर्फ पडतो. कुठून तरी उचललेली तयार चित्रं जोडून पान भरलेलं असतं. मग एका पानावर मुलीचा फ्रॉक लाल आणि पुढच्या पानावर निळा होतो. मोठ्यांच्या हे लक्षात येत नाही, मुलांच्या पहिल्याच फेरीत येतं. दूरदेशीचं चित्र वाईट असं मुळीच नाही. बर्फाची गोष्ट असेल तर बर्फ हवाच. पण लातूरच्या किंवा चिपळूणच्या मुलाला एकाही पुस्तकात आपला ओटा, आपली एसटी, आपला पाऊस दिसू नये, हे बरोबर नाही. आणखी एक गोष्ट कटाक्षानं तपासावी: दुष्ट माणूस दर वेळी काळा आणि जाडा, स्वयंपाकघरात दर वेळी आई, खुर्चीत पेपर वाचताना दर वेळी बाबा, असं आहे का? मजकुरात असलं काही लिहिलं तर आपण हरकत घेऊ. चित्रातलं मात्र नजरेतून सुटतं आणि मुलाच्या मनात मुकाट्यानं घर करतं.

आपल्या मातीतल्या चित्रांचं आणखी एक उदाहरण बघावं. चेन्नईच्या तारा बुक्सनं लेखिका गीता वुल्फ आणि रमेश हेंगडी, शांताराम धाडपे अशा वारली चित्रकारांना घेऊन ‘डू!’ नावाचं पुस्तक केलं. पळणं, नाचणं, शिजवणं, भांडणं अशा क्रियांचं हे पुस्तक. भुऱ्या कागदावर पांढऱ्या आकृत्या. दोन त्रिकोण आणि चार रेघांचं माणूस, पण त्याच्या पाठीच्या बाकावरून ते ओझं वाहतंय की नाचतंय हे लगेच कळतं. इंग्रजी येत नसलेल्या मुलालाही हे पुस्तक पुढ्यात ठेवता येतं आणि शेजारी कोरा कागद ठेवला तर ते स्वतः अशी माणसं काढू लागतं.

आता मजकुराकडे. इथे एक मोठा घोटाळा होतो. मुलानं स्वतः वाचायची पुस्तकं आणि त्याला वाचून दाखवायची पुस्तकं यांत गल्लत होते. पहिलीतलं मूल ऐकून जेवढी अवघड गोष्ट समजू शकतं, तेवढी ते अजून वाचू शकत नाही. या दोन क्षमतांत काही वर्षांचं अंतर असतं. म्हणून दोन्ही प्रकारची पुस्तकं घरात आणि वर्गात हवीत. वाचून दाखवायच्या पुस्तकात भाषा भरघोस असू द्यावी, जोडाक्षरांची भीती बाळगू नये. स्वतः वाचायच्या पुस्तकात पानावर एक-दोन ओळी, तीच वाक्यरचना थोड्या फरकानं पुन्हा पुन्हा आणि चित्राचा भक्कम आधार लागतो. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टींच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. मराठी गोष्टी तिथे फुकट वाचता येतात, छापून घेता येतात, शिवाय कोरकू, गोंडी अशा भाषांतल्याही मिळतात. एनसीईआरटीनं पहिली-दुसरीसाठी काढलेल्या ‘बरखा’ या हिंदी मालिकेत ४० छोटी पुस्तकं चार पायऱ्यांवर मांडली आहेत. पातळीचा आकडा मात्र सोयीपुरता मानावा. मुलाला विषयाची ओढ असेल, समजा बेडूक किंवा जेसीबी, तर ते दोन पातळ्या वरचं पुस्तकही चिवटपणे वाचतं.

वाचनाचा प्रश्न किती खरा आहे, हे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दिसतं. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं. करोनानंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरलं आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आलं. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन मुलांना तो मजकूर जमत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती आणखी अवघड मजकूर देऊन ही दरी बुजत नाही. त्याला पान उलटायचं कारण मिळावं लागतं, आणि चित्र ते कारण देतं.

अक्षरांकडेही बघायला हवं. अनेक अनुवादित पुस्तकं मूळ हिंदीच्या साच्यातच मराठी मजकूर बसवून छापली जातात. मराठी शाळेतलं मूल पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श शिकतं. मराठीच्या प्रमाण वर्णमालेसंबंधीच्या २००९ सालच्या शासननिर्णयातही हीच रूपं आहेत. पुस्तकात हिंदी वळणाचे ल आणि श आले की नुकतंच अक्षर ओळखू लागलेलं मूल तिथेच अडखळतं. अडखळलं की आपलंच चुकलं असं त्याला वाटतं. टाइप मोठा आहे का, ओळ संपताना शब्द मध्येच तोडलेला नाही ना, मजकूर गडद चित्रावर छापून वाचेनासा झालेला नाही ना, हेही तपासावं.

अनुवादाची परीक्षा कानानं करावी. एक पान मोठ्यानं वाचावं. घरात, ओट्यावर कुणी असं बोलतं का? ‘त्याने त्याच्या आईला त्याचे चित्र दाखवले’ असं वाक्य तोंडात घोळत नाही. ‘त्यानं आईला आपलं चित्र दाखवलं’ हे घोळतं. जे वाक्य वाचून दाखवताना मोठ्यांची जीभ अडते, ते मुलाला पाठ होणार नाही. या वयातलं वाचन बरंचसं पाठांतरावर उभं असतं. आवडती गोष्ट तोंडपाठ झाली की मूल पानावर बोट फिरवत ‘वाचतं’ आणि कधीतरी बोटाखालचं अक्षर खरंच ओळखीचं निघतं.

पुस्तक घरी आल्यावर ते कसं वाचलं जातं, यावरही निवड बरोबर होती की नाही हे ठरतं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर वेगळ्या तऱ्हेनं पुस्तक वाचायला सांगितलं: सरळ वाचत जाऊ नका, मोकळे प्रश्न विचारा, मुलाच्या उत्तरात भर घाला. महिन्याअखेरीस ही मुलं बोलण्यात इतरांच्या काही महिने पुढे गेलेली होती. पहिलीतल्या मुलाशीही असंच बोलता येतं. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न सोडून बाकी काहीही विचारावं. कोल्ह्याला काय वाटत असेल? ती का रुसली? तू असतास तर? ज्या पुस्तकावर असे चार प्रश्न सहज सुचतात ते घ्यावं. ज्यावर एकही सुचत नाही ते कितीही चकचकीत असलं तरी ठेवून द्यावं.

शाळांसाठी प्रश्न थोडा वेगळा आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांचं अनुदान आहे. एवढ्या पैशांत संख्या वाढवायचा मोह होतो आणि बारीक टाइपातली, चित्रं नसलेली पुस्तकं कपाटात जाऊन बसतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली, ज्योत्स्ना प्रकाशनाची, तुलिका आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं निवडली तर याच पैशांत कमी पण हाताळली जाणारी पुस्तकं येतात. एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती घ्याव्यात, म्हणजे दोघातिघांना एकदम वाचता येईल. वाचण्याच्या निम्म्या गमती शेजारच्याला दाखवण्यात असतात. काही पुस्तकं बिनशब्दांची असावीत, काही माहितीची, मुंग्यांची, पावसाची, भाकरीची. आणि ती कपाटात पाठ दाखवून उभी करू नयेत. दोरीवर अडकवावीत किंवा फळीवर मुखपृष्ठ समोर येईल अशी, मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवावीत. पानं फाटतील, कोपरे मुडपतील, एखादं पुस्तक हरवेल. शाळेनं त्याचा हिशोब वर्षाच्या सुरुवातीलाच खरेदीत धरून ठेवावा, म्हणजे शिक्षकाला पुस्तकं कुलपात ठेवावी लागणार नाहीत.