रिपोर्ट नॉर्मल, मळमळ कायम

एंडोस्कोपी स्वच्छ, सोनोग्राफीत काही नाही, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. आणि फोडणीचा वास आला की उमासे सुरूच. महिनोन्महिने असं चाललेल्या माणसाला आपल्याकडे दोनच निदानं ऐकायला मिळतात : ‘पित्त असेल’ किंवा ‘टेन्शन घेताय’. पहिल्यावर पँटोप्राझोलची गोळी ठरलेली. दुसऱ्यावर काहीच नाही. पण या तपासण्या पाहतात ते पोटाचं अस्तर आणि आकार, आणि मळमळ तयार होते मेंदूत.

लंबमज्जेत ‘एरिया पोस्ट्रेमा’ नावाचा एक चिमुकला भाग आहे. रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत म्हणून इतरत्र जो अडसर असतो, तो इथे जवळपास नाही. त्यामुळे रक्तातलं विष, औषध, संप्रेरक यांची चाहूल इथे थेट लागते. त्याच परिसरात व्हेगस मज्जातंतू पोटाची खबर आणतो. त्याचे सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडेच संदेश नेतात. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे निरोपही इथवर पोचतात. म्हणजे घाटातली बस, अर्धशिशी, गरोदरपण आणि केमोथेरपी यांचा शेवट एकाच भावनेत होतो. यातली एखादी वाट विनाकारण जागी राहिली, तर दुर्बिणीला ती कशी दिसणार?

जठरात मिनिटाला साधारण ३ विद्युतलहरी उठतात. ही लय बिघडली किंवा जठर रिकामं व्हायला उशीर लागला, की मळमळ होऊ शकते. खास स्कॅनमध्ये जेवणानंतर ४ तासांनी १० टक्क्यांहून अधिक अन्न उरलं, तर त्याला मंद जठर म्हणतात. गोम अशी, की उशीर किती आणि त्रास किती, यांचा मेळ फारसा बसत नाही. जठर मंद असूनही कुणी मजेत जेवतो, तर वेगात काही खोट नसलेला दुसरा ताट बाजूला सारतो. अशांसाठी पचनविकारांच्या २०१६च्या ‘रोम’ निकषांनी एक चौकट आखली : आठवड्यातून किमान एक दिवस त्रासदायक मळमळ किंवा उलटी, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची, आणि तपासणीत कारण नाही. यातून कारण कळत नाही हे खरं. पण ‘मनाचे खेळ’ हा शेरा तरी पुसला जातो.

विज्ञान इथे मागे पडलं त्याचं एक कारण विचित्र आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना उलटी करताच येत नाही. मळमळलं की ते माती खातात, आणि संशोधक ती माती मोजतात! उलटी दिसते, मळमळ सांगावी लागते. केमोथेरपीचा काळ बदलून टाकणारं ऑनडॅन्सेट्रॉन हे औषधसुद्धा उलटी जितकी थांबवतं, तितकी मळमळ थांबवत नाही.

मग आराम कशाने? आधी चालू औषधांची यादी पाहावी; मेटफॉर्मिन, वेदनाशामकं, लोहाच्या गोळ्या, संशयित बरेच. थायरॉइड, साखर, गर्भधारणा, अर्धशिशी तपासावी. वजन उतरत असेल किंवा उलटीत रक्त असेल, तर थांबू नये. मळमळीवरचं डॉमपेरिडोन आपण खोकल्याच्या गोळीसारखं घेतो. युरोपने मात्र २०१४मध्ये हृदयाच्या लयीच्या भीतीने त्याचा वापर साधारण आठवड्यापुरता आणला. याच कामाचं मेटोक्लोप्रामाइड फार दिवस घेतलं तर चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली मागे लागू शकतात. अॅमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन कमी मात्रेत देतात ते नसा शांत करायला. चिठ्ठीवर ‘डिप्रेशनची गोळी’ पाहून दुखावायचं कारण नाही, आणि चमत्काराची आशाही नको. याच कुळातलं नॉर्ट्रिप्टिलिन मंद जठरावरच्या २०१३च्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आल्याचा पुरावा बरा आहे, विशेषतः गरोदरपणात. एक स्वस्त उपाय आपत्कालीन विभागांत तपासला गेलाय : आयसोप्रोपिल स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून हुंगणं. घटकाभर तरी बरं वाटतं.

नवी आशा जीडीएफ-१५ या संप्रेरकाकडून आहे. २०१७मध्ये त्याचा ग्राही (रिसेप्टर) एरिया पोस्ट्रेमाच्याच परिसरात सापडला. २०२३मध्ये गरोदरपणातल्या तीव्र मळमळीशी त्याचं नातं ठसठशीत दिसलं. या संशोधनातल्या मार्लेना फेझो अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ. १९९९मध्ये अशाच उलट्यांत त्यांचं बाळ पोटातच गेलं. त्यांच्या डॉक्टरांना तेव्हा वाटलं होतं, बाई वाढवून सांगतायत.