भाकरी कमी केली, मग इन्सुलिनचं काय?

आज आपण ताट आणि सुई या दोघांबद्दल बोलणार आहोत.

डायबेटिस असलेल्या बाईला हल्ली जो तो सांगतो, "भात बंद कर, भाकरी अर्धी कर, साखर आपोआप खाली येईल." हे खोटं नाही. पण सांगणारी नुसत्या पथ्यावर असते आणि ऐकणारी इन्सुलिन घेत असते, तेव्हा तोच सल्ला जिवावर बेतू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्या बाईने भाकरी कमी करू नये असं मी म्हणत नाही. पण भाकरीचं माप बदललं की इन्सुलिनचं मापही बदलावं लागतं, आणि ते डॉक्टरांना विचारूनच बदलायचं असतं.

आधी ताटाकडे बघू. भाकरी, पोळी, भात, पोहे, बटाटा, साबुदाणा, गूळ, या सगळ्यांची पोटात गेल्यावर साखर होते. शाळेच्या पुस्तकात यांना कर्बोदकं म्हणतात. ज्वारीची भाकरी चालते म्हणून ती कितीही खाल्ली तरी चालते, असं नाही. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागलं, तर त्यात सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन भाकऱ्या खाल्ल्या की झाली ७०.

ही साखर रक्तातून शरीराच्या पेशींमध्ये पोहोचवायचं काम इन्सुलिन करतं. तुम्ही दोन भाकऱ्या आणि थोडा भात खाता, हे धरून डॉक्टरांनी युनिट ठरवलेले असतात. आता समजा, एका बाईने रात्री भाकरी सोडली, नुसती भाजी आणि ताक घेतलं, पण सुई रोजच्याइतकीच टोचली. इन्सुलिनला काय कळणार आज भाकरी नाही ते? ते रक्तात आहे ती साखर उचलत राहतं आणि साखर धोक्याइतकी खाली जाते.

बऱ्याच जणींच्या बाटलीवर ३०/७० असं लिहिलेलं असतं. त्यातला ३० भाग लवकर काम करतो आणि ७० भाग हळूहळू, कितीतरी तास. म्हणून रात्री कमी जेवलेल्या बाईची साखर मध्यरात्रीनंतर झोपेत उतरू शकते. अंग घामाने भिजणं, वाईट स्वप्नं पडणं, सकाळी डोकं जड असणं, या त्याच्या खुणा असू शकतात. त्याकडे दुर्लक्ष करू नका.

दुसरी गोष्ट आपल्या बायकांचीच आहे. सुई टोचून होते, मग पोरांना वाढायचं, सासऱ्यांना वाढायचं, तेवढ्यात पाहुणे येतात. आपलं ताट येईपर्यंत तास-दीड तास जातो, आणि भाकरी संपलेली असते ती वेगळीच. म्हणजे ठरवून नाही, तरी जेवण कमी होतंच. ३०/७० चं साधं इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास घेतात. म्हणून आपलं ताट आधी झाकून ठेवा आणि मगच सुई घ्या. इन्सुलिन घेणारी बाई घरात आधी जेवली तर त्यात अपमान कुणाचाच नाही. खुरपणी, भातलावणी, ऊसतोडणी अशा कष्टाच्या कामानेही साखर उतरते, हेही लक्षात ठेवा.

साखर लो झाली हे कसं ओळखायचं? हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, एकदम भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं अडखळतं, उगाच चिडचिड होते. मीटर असेल तर तपासा. ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर लो. मीटर नसेल तर वाट बघू नका. तीन लहान चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर द्या. पेढा, बिस्किट, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. १५ मिनिटांनी पुन्हा बघा. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर द्या. बरं वाटल्यावर थोडी भाकरी किंवा भात खाऊ घाला. बाई शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल. तिला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग सुईच बंद करते. तसंही करू नका. ज्यांना लहानपणापासून किंवा तरुणपणी इन्सुलिन सुरू झालं, त्यांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. त्यांना न जेवताही थोडं इन्सुलिन लागतंच. ते तुटलं तर रक्तात आम्ल साठतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, अशी लक्षणं दिसली की तडक दवाखाना गाठायचा. वयस्क बायकांनीही मनाने सुई सोडू नये.

मग भाकरी कमी करायची कशी? आधी तीन-चार दिवस एका वहीत लिहा: किती भाकऱ्या, किती भात, किती युनिट, किती वाजता, आणि साखरेचा आकडा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "मी तीन भाकऱ्यांच्या दोन करणार आहे. माझे युनिट किती करायचे? साखर कधी तपासायची? कोणत्या आकड्याला तुम्हाला फोन करायचा?" गोळ्याही दाखवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही साखर लो होते. गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण त्या गोळीसोबत भाकरी-भात फार तोडला तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो.

कमी करायचं ते एकदम नको, आणि रोज सारखं हवं. आज अर्धी भाकरी, उद्या तीन, असं केलं तर कोणत्याच डॉक्टरला माप बसवता येणार नाही. ताटात मोकळी झालेली जागा मटकीची उसळ, पिठलं, पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा, अंडं, ताक यांनी भरा. कडधान्यातही कर्बोदकं असतात, पण त्यांची साखर सावकाश होते. गरोदर बाई, किडनीचा त्रास असलेली बाई आणि लहान मूल यांच्यासाठी हा प्रयोग घरच्या घरी नकोच.

उपवासाचंही तसंच. निरंकार उपवासात पोटात काहीच नसतं आणि साखर खाली जाते. साबुदाण्याच्या उपवासात उलटं होतं, १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात, साखर भराभर चढते. आषाढी एकादशी असो की नवरात्र, उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. जिवाला धोका असेल तर उपवास सोडणं यात देवाचा काही राग नसतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्यात इन्सुलिन कोण कोण घेतं ते विचारा. प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी असू द्या, आणि शेजारणीला, सुनेला, शेतातल्या सोबतिणीला लो साखरेच्या खुणा सांगून ठेवा. साखर खाली गेली की स्वतःला कळतंच असं नाही, तेव्हा शेजारचीच उपयोगी पडते.