क्वार्टरबॅकची पदवी आणि चेन्नईचा धडा

चेन्नई : अमेरिकी फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रे हाती असणाऱ्या क्वार्टरबॅकची कारकीर्द विद्यापीठाच्या मैदानावर घडते. शालेय शिक्षण संपल्यानंतर किमान तीन वर्षे उलटल्याशिवाय त्याला एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडप्रक्रियेत स्थान मिळत नाही. सात सुपर बोल विजेतेपदे पटकावणारा टॉम ब्रॅडीही मिशिगन विद्यापीठाकडून खेळला. २००० मधील निवडप्रक्रियेत त्याचे नाव १९९व्या क्रमांकावर पुकारले गेले होते.

या झगमगाटाची दुसरी बाजूही आहे. विद्यापीठीय फुटबॉलपटूंपैकी दोन टक्क्यांहूनही कमी खेळाडू एनएफएलपर्यंत पोहोचतात. २०२१ पासून त्यांना स्वतःचे नाव व छबी वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. तरीही बहुसंख्यांच्या हाती अखेरीस उरते ती पदवीच.

भारतात गुणवान खेळाडू वयोगटाच्या स्पर्धा, क्लब आणि राज्य संघांतून पुढे येतात. महाविद्यालय हा त्यांच्या वाटेवरील अनिवार्य टप्पा नाही. त्यामुळे अनेकांना अभ्यास किंवा खेळ यांपैकी एकाची निवड करावी लागते. चेन्नईने मात्र दोन्हींचा मेळ घालणारे क्रिकेटपटू दिले. एस. वेंकटराघवन आणि १९८३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात सर्वाधिक ३८ धावा करणारे कृष्णम्माचारी श्रीकांत हे दोघेही गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. कसोटीत ५३७ बळी घेणारा रविचंद्रन अश्विन हाही माहिती तंत्रज्ञानाचा अभियंता.

वैयक्तिक जिद्दीवर चाललेल्या या परंपरेला आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून संस्थात्मक रूप दिले. खेळाडूंसाठी स्वतंत्र प्रवेश देणारी ही पहिलीच आयआयटी. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अतिरिक्त जागा असून त्यांपैकी एक मुलींसाठी राखीव आहे. उमेदवाराने मागील चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवलेले असावे लागते. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत स्थान मिळवणेही बंधनकारक आहे. त्यानंतरचा क्रम मात्र क्रीडा कामगिरीवर ठरतो.

प्रवेश ही केवळ पहिली पायरी होय. सराव, स्पर्धांचे दौरे, हजेरी आणि परीक्षा यांचे वेळापत्रक जुळले नाही, तर राखीव जागेचा हेतू साध्य होणार नाही. एका दुखापतीनेही कारकीर्द संपू शकते, हे लक्षात घेता खेळाडूच्या हाती पदवी असणे ही त्याच्या उर्वरित आयुष्याची तरतूद ठरते.