पीटीएसडी (आघातोत्तर ताणविकार) : निदान आणि उपचार

मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचाराला सामोरे गेल्यावर जडू शकणारा मनोविकार. अमेरिकी वर्गीकरणात नोंद १९८० पासून.

• लक्षणांचे चार गट : प्रसंग पुन्हा पुन्हा जगणे, आठवणी टाळणे, विचार-भावना काळवंडणे, सतत सावध राहणे. भूकंपातून वाचलेला माणूस रस्त्यावरून ट्रक धडधडत गेला तरी अंथरुणातून उठून दाराकडे धावतो.

• निदान मुलाखतीतून, रक्ततपासणी नाही. लक्षणे महिन्याहून अधिक टिकलेली हवीत. त्याआधी तो ‘तीव्र ताणविकार’.

• उपचारांत आघातकेंद्री मानसोपचार आधी : सीबीटी (विचार-वर्तन उपचार), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारे आघाताच्या आठवणी हाताळणे). औषधे : सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, परिणाम दिसायला काही आठवडे. परस्पर बंद करू नयेत.

• सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस : १४४१६. मोफत, चोवीस तास.