भाई कोतवाल यांचें एक वर्ष

माणसाच्या आयुष्यांतील सगळींच वर्षें सारख्या वजनाचीं नसतात. पुष्कळशीं वर्षें ऋतूंप्रमाणें येतात आणि जातात. धंदा तोच, घर तेंच, सकाळीं घराबाहेर पडण्याची वेळहि तीच. परंतु एखादें वर्ष असें उगवतें, कीं त्याच्या आरंभीं जो माणूस ज्या जागीं होता, त्या जागीं तो अखेरीस शोधूनहि सांपडत नाहीं. धंदा सुटतो, घर दुरावतें, जुने सोबती मागें पडतात. अशा वर्षाचा हिशेब मांडतांना काय गेलें आणि काय मिळालें, हे दोन प्रश्न बहुतेक सर्वजण विचारतात. एवढ्या उलथापालथींत कायम काय राहिलें, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि वस्तुतः त्या वर्षाचा अर्थ त्याच प्रश्नाच्या उत्तरांत असतो.

कर्जत-खालापूरच्या मुलखांत असें एक वर्ष होऊन गेलें. तें वर्ष १९४२. आणि ज्यांच्या आयुष्यांत तें आलें, त्यांचें नांव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई कोतवाल या नांवानें ओळखतात.

कर्जत व खालापूर हे तालुके आज रायगड जिल्ह्यांत आहेत. १९८१ पूर्वीं या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. परंतु समुद्रकांठच्या कुलाब्याहून हा भाग निराळा. एका बाजूस सह्याद्रीची भिंत उभी, पायथ्याशीं भाताचीं खाचरें, आणि डोंगराच्या कुशींत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. याच कर्जत तालुक्यांत, सुमारें अडीच हजार फूट उंचीवर, माथेरान आहे. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांची नजर त्या डोंगरावर गेली आणि थंड हवेचें ठिकाण म्हणून त्याची वाढ झाली. १९०७ सालीं नेरळहून लहान रुळांची गाडी वर पोहोंचली. तेव्हांपासून माथेरानचा संसार पाहुण्यांवर चालत आला आहे. पाहुणे आले, कीं हमाल, घोडेवाले, न्हावी, धोबी या सर्वांना काम. पावसाळा लागला, कीं गांव ओस आणि हात रिकामे.

अशा या गांवीं, एका गरीब नाभिक कुटुंबांत, १ डिसेंबर १९१२ रोजीं भाईंचा जन्म झाला. घरची परिस्थिति शिक्षणाला अनुकूल नव्हती. तथापि मुलगा बुद्धीनें तल्लख होता, आणि पुढील शिक्षणासाठीं तो पुण्यास गेला. १९३५ सालीं इंदूताईंशीं त्यांचा विवाह झाला. १९४१ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी मिळविली, आणि त्याच वर्षीं माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. जेथें आपल्या माणसांनीं पाहुण्यांची सेवा करून पोट भरलें, त्याच गांवच्या कारभाराच्या खुर्चीवर बसणें, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती. तिसाव्या वर्षाच्या आंत हातीं पदवी होती, पद होतें, आणि वकिली करून सुखानें राहण्याचा मार्ग मोकळा होता. कोणत्याहि पित्यानें मुलाला याहून निराळा आशीर्वाद दिला नसता.

परंतु भाईंचें लक्ष खुर्चीपेक्षां डोंगराखालच्या गांवांकडे अधिक होतें. त्या गांवांची अडचण काय होती, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण पुढची सारी हकीकत तिच्यावर उभी आहे. या भागांत मुख्य पीक एकच, भाताचें. कार्तिकांत धान्य घरीं येई, आणि त्यांतून खंड व कर्ज फेडून जें उरे, तें उन्हाळ्याअखेर संपे. नेमकी पेरणी-लावणीच्या वेळीं, म्हणजे श्रम सर्वांत अधिक त्या दिवसांत, चूल थंड पडे. मग सावकाराकडून खावटी घ्यावयाची. ती सवाईनें किंवा दिढीनें मिळे. दिढी म्हणजे आषाढांत मणभर घेतलें, तर पीक येतांच दीड मण घालावयाचें. चार-पांच महिन्यांत मुद्दलाच्या निम्मी भर पडली, कीं शेतकरी पुढल्या वर्षीं अधिकच लवकर सावकाराच्या दारीं उभा राही. या चक्रांतून सुटका व्हावी म्हणून भाईंनीं शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या. अडीच्या दिवसांत कोठींतून धान्य न्यावें आणि सुगीला परत आणून घालावें, अशी ती व्यवस्था. सहीच्या जागीं अंगठा उठविणाऱ्याला कागदावर काय लिहिलें आहे हें कळत नाहीं, तोंवर कायदा त्याच्या उपयोगाचा नाहीं. म्हणून भाईंनीं गांवोगांव स्वयंसेवकांच्या शाळाहि सुरू केल्या. १९४२ साल उजाडलें, तेव्हां त्यांचें आयुष्य असें होतें.

त्या वर्षीं ८ ऑगस्टच्या रात्रीं मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीनें ‘भारत छोडो’चा ठराव संमत केला. ९ तारखेस पहाट होते न होते, तोंच गांधीजींसह सर्व पुढाऱ्यांना अटक झाली. गांधीजींना घेऊन पुण्याच्या बाजूस निघालेली खास आगगाडी कर्जतवरूनच बोरघाट चढून गेली. वरचे पुढारी तुरुंगांत गेल्यावर चळवळ कशी चालवावी, हें ठरविण्याचा भार तालुक्या-तालुक्यांतील तरुणांवर पडला. भाईंच्या नांवानें पकडवॉरंट निघालें आणि ते माथेरानहून निसटले. ज्यानें कायद्याची पदवी घेऊन वर्ष-दीड वर्षच झालें होतें, तो माणूस कायद्याच्या लेखीं फरारी ठरला. त्यांनीं कर्जत-मुरबाडच्या रानांत तरुणांची एक तुकडी उभी केली. तिचें नांव आझाद दस्ता.

या दस्त्यानें जें काम हातीं घेतलें, तें कळण्यासाठीं डोंगरांतून मुंबईला जाणाऱ्या विजेची माहिती हवी. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत जें प्रचंड पाणी पडतें, तें कामाला लावावें, ही जमशेटजी टाटा यांची इच्छा होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ सालीं, ती फळास आली. लोणावळ्याजवळ वळवण, शिरवटा या धरणांत सांठविलेलें पाणी नळांतून सुमारें सतराशे फूट खालीं, खालापूर तालुक्यांतील खोपोलीस आणण्यांत आलें. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा झोत चक्राच्या वाट्यांवर आदळतो, चक्र फिरतें आणि वीज उत्पन्न होते. १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीस असेंच दुसरें केंद्र सुरू झालें. मुंबईच्या गिरण्या पूर्वीं कोळशाच्या वाफेवर चालत. आतां त्यांतील पुष्कळ गिरण्यांचीं यंत्रें सह्याद्रीच्या पाण्यावर फिरूं लागलीं.

ही वीज चाळीसांहून अधिक मैल दूर न्यावयाची होती. कमी दाबाची वीज इतक्या लांब नेल्यास तारेंतच उष्णतेच्या रूपानें तिची मोठी तूट होते. म्हणून दाब एक लाख व्होल्टपर्यंत चढवून ती पाठविली जाई. अशी तार माणसाच्या आवाक्याबाहेर उंच ठेवावी लागते. त्यासाठीं माळांवरून, खाचरांवरून आणि ओढ्यांवरून लोखंडी मनोऱ्यांची रांग उभी करण्यांत आली. वीजकेंद्रावर पहारा बसवितां येतो. मैलोगणती पसरलेल्या मनोऱ्यांपैकीं प्रत्येकाजवळ शिपाई उभा करणें मात्र कोणत्याहि सरकारला शक्य नाहीं. शिवाय ही रांग म्हणजे सांखळीच. एक कडी तुटली, तरी त्या तारेंतून पलीकडे जाणारा प्रवाह थांबतो. महायुद्ध चालूं होतें, गिरण्यांतून लष्करासाठीं माल निघत होता. म्हणून राजवटीची नाडी जर कोठें उघडी असेल, तर ती या मनोऱ्यांत, हें आझाद दस्त्यानें ओळखलें. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत त्यांनीं अकरा मनोरे पाडले, आणि मुंबईच्या कारखान्यांना व रेल्वेला त्याचा चांगलाच धक्का बसला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. फरारी माणूस रानांत केवळ धैर्यावर जगत नाहीं. त्याला भाकरी लागते, पाऊसवाऱ्यांत निवारा लागतो, आणि मुख्य म्हणजे न बोलणारीं माणसें लागतात. परक्या मुलखांत नव्या माणसाला हें मिळत नाहीं. भाईंनीं या गांवांत धान्याचा प्रश्न आधीं हातीं घेतला होता, शाळा आधीं काढल्या होत्या. ओळखी होत्या, विश्वास होता. माथेरानची खुर्ची व वकिली या दोन्ही गोष्टी त्यांनीं डोंगरावर मागें ठेविल्या. पण गांवांशीं जडलेला जिव्हाळा त्यांच्याबरोबर रानांत गेला, आणि त्यानेंच त्यांना महिनोगणती तगविलें. धंदा बदलला, परंतु ज्यांच्यासाठीं तो करावयाचा, तीं माणसें बदललीं नाहींत. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र कठोर आहे. सरकारनें भाईंना पकडून देणारास इनाम लाविलें आणि पोलिसांचा पाठलाग वाढला. १ डिसेंबरला त्यांना तीस वर्षें पूर्ण झालीं. त्यानंतर महिन्याभरानें, २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे, ठाणें जिल्ह्यांतील मुरबाडच्या हद्दींत, सिद्धगडच्या रानांत पोलिसांनीं दस्त्याच्या मुक्कामाला गांठलें. तेथें झालेल्या गोळीबारांत मानिवलीचे हिराजी पाटील पडले, आणि भाईंनाहि वीरमरण आलें. इंदूताईंच्या संसाराला उणींपुरीं सात-आठ वर्षें झालीं होतीं. हुतात्म्यांचीं चरित्रें लिहितांना रानांतील दिवसांची मोजदाद होते. ज्या घरांत त्या दिवसांत वाट पाहिली गेली, त्या घराची मोजदाद क्वचितच होते. अशा वर्षाची किंमत एकटा माणूस कधींच देत नाहीं. त्याचें घर ती अधिक काळ देत राहतें.

मनोरे पाडण्याचा मार्ग योग्य होता काय, हा प्रश्न त्या वेळींहि लोकांच्या मनांत होता, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें नव्हे. ती वीज जमशेटजींच्या स्वदेशी स्वप्नांतून निघालेली होती. मे १९४४ मध्यें सुटका झाल्यावर स्वतः गांधीजींनीं गुप्तपणा व मोडतोड हीं अहिंसेंत बसत नाहींत, असें मत दिलें आणि भूमिगतांना उघडपणें प्रकट होण्याचा सल्ला दिला. उलट, सर्व पुढारी तुरुंगांत आणि सभाबंदी लागू, अशा स्थितींत तरुणांनीं दुसरें काय करावें, असें विचारणारेहि पुष्कळ होते. हा वाद येथें मिटविण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र खरें, कीं भाईंनीं निवडलेल्या मार्गांत त्यांना स्वतःला मिळावयाचें असें कांहींच नव्हतें. असलेलें सर्व गमवावयाचें होतें, आणि तें त्यांनीं डोळे उघडे ठेवून गमाविलें.

सामान्य माणसाच्या वांट्यास असें वर्ष येत नाहीं, आणि येऊंहि नये. तथापि लहान प्रमाणांत प्रत्येक घराला तें कधींतरी भेटतें. कोणाची नोकरी जाते, कोणी बदलीवर दूर जातो, कोणी चालता धंदा सोडून नवा धरतो, कोणाच्या घरांतलें मुख्य माणूस उठून जातें. अशा वेळीं घरांतील मंडळी अखेरीस बसून काय गेलें याची यादी करतात, आणि मन खिन्न होतें. त्या यादीशेजारीं दुसरी एक यादी मांडावी: आपण कोणासाठीं झटत होतों, तीं माणसें अजून आपलीं आहेत काय, आपण जें चांगलें म्हणून धरलें होतें, तें अजून हातांत आहे काय. या दोन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर वर्ष कितीहि वाईट गेलें, तरी माणूस हरवलेला नाहीं. तें उत्तर नकारार्थी असेल, तर पगार वाढून आणि बंगला मिळूनहि कांहीं मोलाचें गमावलें, असें समजावें.

दर वर्षीं २ जानेवारीस सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. इतर घरीं नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागून एकच दिवस झालेला असतो. गेल्या वर्षाचा हिशेब मांडावयाला त्याहून योग्य दिवस शोधूनहि सांपडणार नाहीं.