कंपाउंड धनुष्य घेताय? आधी हे वाचा 🏹

औंढे-लोणावळ्याच्या मित्रांनो, शिकारीसाठी धनुष्य घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. रानडुकरालाही परस्पर मारता येत नाही. तिरंदाजीसाठी मात्र जरूर घ्या! साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्याच्याच प्रकारात जगज्जेते झाले.

📏 ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढायची ते अंतर): दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे इंच मोजा, २.५ने भागा. ७० इंच असतील तर साधारण २८.

💪 ताण: धनुष्य वर न झटकता दोरी सरळ मागे आली पाहिजे. स्पर्धेत मर्यादा ६० पौंड.

⚠️ बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, धनुष्याचे लिंब (वरची-खालची पाती) तडकतात.

आधी प्रशिक्षकाकडे दोन-चार धनुष्यं ओढून बघा, मगच पैसे मोजा!