लेथचा टेपर : पावसाळ्यातच का पडतो?

हेडस्टॉकची तपासणी या आठवड्यात घेणार होतो. ती पुढे ढकलतो. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्या वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न खास आपल्या खानदेशचा आहे. त्यांच्याकडे सहा फुटी बटाला लेथ आहे. पंपाच्या बुशा, जिनिंगच्या मशीनचे सुटे भाग अशी रोजची कामं. मे महिन्यात जॉब सरळ निघतो. आषाढ लागला की 200 मिमी लांबीत मोकळं टोक चकाकडच्या टोकापेक्षा 0.04 मिमी जाड. दिवाळीनंतर टेपर आपोआप कमी होतो. मागचा लेख वाचून त्यांनी टेलस्टॉक सरकवून पाहिला, पण फरक पडला नाही.

पडणारच नाही. त्यांचा जॉब नुसत्या चकात धरलेला असतो, टेलस्टॉकचा त्याला हातही लागत नाही. मग उरतं काय? हेडस्टॉक तिरपा असेल तर तो बाराही महिने तिरपा राहील. बेड झिजला असेल तर ती झीज दिवाळीत भरून येणार नाही. बार टूलच्या दाबाने वाकत असेल तर मे महिन्यातही वाकेल. ऋतूप्रमाणे बदलणारी एकच गोष्ट आहे : लेथखालची जमीन.

तापी-पांझरेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पावसात फुगते. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी ओढून घेते आणि वरचं ओझं उचलते. घरांच्या भिंतींना तिरप्या चिरा पडतात त्या यामुळेच. भिंतीची चीर डोळ्यांना दिसते, लेथचा बेड मात्र गुपचूप पीळ खातो.

पत्रासोबत शेडचा नकाशा आहे, त्यावर माझं लक्ष खिळलं. लेथची पाठ भिंतीला, टेलस्टॉककडचं टोक कोपऱ्यात, आणि नेमक्या त्याच कोपऱ्याबाहेर पत्र्याचं पाणी पडतं. म्हणजे त्या कोपऱ्यातली माती जास्त फुगणार आणि टेलस्टॉककडचा मागचा पाय उचलला जाणार. खाटेचा एकच पाय वर उचलला की चौकट पिळते, तसं इथे होतं. बेडची मागची बाजू वर गेली की कॅरेज कारागिराकडे कलतं, टूल जॉबपासून दूर जातं आणि त्या टोकाला जॉब जाड राहतो. पत्रातलं लक्षण तंतोतंत हेच.

पाय किती उचलला असेल? बेडची रुंदी 250 मिमी आणि सेंटरची बेडपासून उंची 200 मिमी धरू. व्यासात 0.04 म्हणजे टूल 0.02 मिमी मागे सरलं. त्यासाठी 200 मिमी लांबीत बेडला आडवा 0.025 मिमीचा पीळ हवा. दोन्हीकडच्या पायांत दीड मीटर अंतर असेल तर टोकाला तो 0.19 मिमी होतो. जेमतेम दोन कागदांची जाडी! काळ्या जमिनीला एवढी हालचाल म्हणजे काहीच नाही.

खात्री करून घ्या. 40 मिमीचा बार चकात घट्ट धरा, 200 मिमी बाहेर ठेवा, दोन्ही टोकांना एकेक कॉलर सोडून मधला भाग खाली घ्या. टूलला ताजी धार लावा. क्रॉस स्लाइडला हात न लावता एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवर हलका कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. मोकळी कॉलर जाड असेल तर टेलस्टॉककडच्या मागच्या पायाचा बोल्ट सैल करून तिथली पट्टी पातळ करा, किंवा पुढच्या पायाखाली पातळ पट्टी सारा. बोल्ट आवळून पुन्हा कट घ्या. लेथ पाणसळीत हवाच असं नाही. जहाजावरचे लेथ डुलत्या तळावरही काम करतात. बेडला पीळ नसावा, एवढंच पाहायचं.

हा झाला तात्पुरता इलाज. पक्का इलाज जमिनीतच करावा लागतो. लेथखालची काळी माती काढून मुरूम थराथराने ठोकून भरा आणि दोन्ही पायांसाठी सळयांचं एकसंध काँक्रीट घाला. वेगवेगळे दोन ओटे नकोत. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या जमिनीवरच्या कालव्यांसाठी, स्वतः न फुगणाऱ्या पण चिवट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. वर्कशॉपलाही तोच विचार लागू पडतो. पत्र्याला पन्हळ लावून पाणी भिंतीपासून लांब न्या. हे काम सर्वांत स्वस्त आहे, म्हणून आधी तेच करा.

जळगाव-धुळ्यात ज्यांची मशीन काळ्या जमिनीवर आहे, त्यांनी हाच बार जपून ठेवावा, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यावर कट घ्यावा आणि दोन्ही कॉलरची मापं भिंतीवर लिहावीत. वर्षभराची मापं मला जरूर कळवा. हेडस्टॉक पुढच्या आठवड्यात.